नागपुरात राहून खोल समुद्रातला सिक्सगिल शार्क शिकायचा असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नागपुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहात, विषय प्राणिशास्त्र. पाणबुडीतून घेतलेला सिक्सगिल शार्कचा व्हिडिओ पाहिला आणि तेव्हापासून मिळेल ते वाचताय. पण एका ठिकाणी लांबी पावणेपाच मीटर दिलेली, दुसरीकडे साडेपाच. एक लेख म्हणतो हा वीस कोटी वर्षं न बदललेला प्राणी, दुसरा म्हणतो असं बोलू नये. सर म्हणतात, नागपुरात समुद्र नाही, हा नाद सोडा आणि तलावातल्या माशांवर काम करा. इथे राहून हा शार्क शिकता येईल का, आणि सुरुवात कुठून करायची, हे तुम्हाला हवं आहे.

मी मत्स्यशास्त्र शिकवतो. घर नागपुरातच आहे, पण कामाचा मोठा भाग बंदरांवर उतरणाऱ्या मुशी म्हणजे शार्क आणि चपट्या अंगाचे पाकट यांची ओळख पटवण्यात आणि त्यांची मापं घेण्यात गेला. त्या अनुभवावरून सांगतो की हा शार्क शिकता येईल, आणि सुरुवातीचा बराच काळ नागपुरात असल्यामुळे तुमचं फारसं अडणारही नाही.

तुमच्या सरांनी सल्ला मनापासून दिलाय, तो उडवून लावू नका. विदर्भात हजारो तलाव आहेत, ढीवर आणि भोई समाजाचं पिढ्यांचं ज्ञान हाताशी आहे, आणि सकाळी जाळं पाहून दुपारी प्रयोगशाळेत परतता येतं. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. पण समुद्र जवळ नाही म्हणून सिक्सगिल शिकता येणार नाही, हे मला पटत नाही. मुंबईत राहणाऱ्यालाही तो जवळ नाही. मुंबई हायचं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत आहे आणि तिथेही पाणी जेमतेम ७५ मीटर खोल. पश्चिम किनाऱ्याच्या त्या भागात समुद्रतळ इतका उथळ आणि रुंद पसरलाय की खोल पाण्यातल्या शार्कच्या दृष्टीने वर्सोव्याचा मुलगा आणि आपल्या नागपूरच्या महाल भागातली मुलगी दोघंही सारखेच लांब. किनाऱ्यावर आयुष्य घालवलेल्या कितीतरी मच्छीमारांनी हा प्राणी जिवंत पाहिलेला नसतो.

तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे आकडे जुळत नाहीत ही तक्रार. खरी अडचण तिथे आहे. या शार्कबद्दल आपल्याला जे काही माहीत आहे ते जवळजवळ सगळं आडवाटेने आलेलं आहे: मेलेल्या शरीरातून, अंगावर लावलेल्या यंत्रातून, आमिष लावून ठेवलेल्या कॅमेऱ्यातून, जनुकांतून आणि दातांतून. प्रत्येक वाटेला आपापल्या मर्यादा आहेत. म्हणून मी विद्यार्थ्यांना पहिली सवय हीच लावतो, की कोणतंही वाक्य वाचलं की आधी विचारा, हे कळलं कसं? वाट कळली की आकडा किती ताणायचा तेही कळतं.

आधी प्राणी नीट डोळ्यांसमोर आणू. शास्त्रीय नाव हेक्झँकस ग्रिसियस. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ बॉनातेर यांनी १७८८ मध्ये त्याचं वर्णन केलं. बहुतेक शार्कांच्या डोक्यामागे प्रत्येक बाजूला कल्ल्यांच्या पाच फटी असतात, याला सहा. पाठीवर पर एकच, तोही अगदी मागे, शेपटीकडे. मुस्कट बोथट आणि रुंद, डोळे हिरवट. वरच्या जबड्यातले दात लहान आणि टोकदार. खालच्या जबड्यात मात्र प्रत्येक बाजूला सहा रुंद दात, प्रत्येकावर करवतीसारखी ओळीने टोकं. मोठं भक्ष्य किंवा मेलेला देवमासा असला की वरचे दात धरून ठेवतात, शार्क डोकं हलवतो आणि खालचे दात लचका कापून काढतात. मासे, पाकट, माकूळ, खेकडे, सील, मेलेलं जनावर असं सगळं तो खातो.

आता भाऊबंद, कारण ओळख पटवताना इथेच गोंधळ होतो. हेक्झँकस नाकामुराई हा मोठ्या डोळ्यांचा सिक्सगिल, आकाराने बराच लहान, आणि त्याच्या खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला मोठे करवती दात पाच. अटलांटिकमधल्या तशाच लहान शार्कांना पूर्वी नाकामुराईच म्हणत. जनुकीय तपासणीनंतर २०१८ मध्ये त्यांना हेक्झँकस व्हिट्युलस हे वेगळं नाव पुन्हा मिळालं. म्हणजे २०१८ च्या आधीच्या लेखात अटलांटिकमधला नाकामुराई दिसला तर तो आज दुसऱ्याच जातीत मोजला जातो. वाचताना लेखाचं साल का पाहायचं ते यावरून लक्षात येईल. याशिवाय सात फटींचे दोन शार्क आहेत, हेप्ट्रँकियास आणि नोटोरिंकस. सापासारख्या अंगाच्या फ्रिल्ड शार्कलाही सहाच फटी असतात, पण त्याची पहिली फट गळ्याखालून सलग जाते. सिक्सगिलमध्ये दोन्ही बाजू वेगळ्या राहतात. लेख वाचताना आणि पुढे बंदरावर हा फरक तुम्हाला वारंवार लागेल.

आता त्या वाटांकडे वळू. सगळ्यांत जुनी वाट म्हणजे मेलेलं शरीर. एका वेतात २२ ते १०८ पिल्लं, हा आकडा तुम्ही वाचला असेल. तो आलाय जाळ्यात किंवा गळाला लागलेल्या आणि किनाऱ्यावर वाहून आलेल्या गाभण माद्यांची पोटं उघडून. अशा माद्या संख्येने फार थोड्या मिळतात. त्यामुळे हा पल्ला मिळालेल्या माद्यांचा पल्ला आहे, साऱ्या जातीची सरासरी त्यातून काढता येत नाही. पिल्लं आईच्या पोटातच अंड्यातल्या बलकावर वाढतात आणि जन्मताना साधारण ६० ते ७५ सेंटिमीटर असतात.

अमेरिकेत सिएटलजवळच्या प्युजेट साउंडमध्ये वाहून आलेल्या एका मादीच्या पोटात ७१ पिल्लं निघाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात असं दिसलं की या एका वेतामागे नऊपर्यंत नर असू शकतात. एका मेलेल्या मादीतून आपल्याला प्रजननाची एवढी माहिती मिळाली. म्हणून अशी संधी येते तेव्हा नुसता फोटो काढून चालत नाही, ऊतीचा तुकडाही जपून ठेवावा लागतो.

कमाल लांबीच्या तुमच्या गोंधळाचं उत्तरही याच वाटेवर आहे. कमाल लांबी म्हणजे तोपर्यंत नोंदलेला सगळ्यांत मोठा प्राणी. उद्या त्याहून मोठा सापडला की आकडा वाढणार, कमी सहसा होणार नाही. त्यात कोणी पट्टी सरळ धरून मोजतं, कोणी पाठीच्या वळणावरून, आणि कोणी पाणबुडीतून पाहून अंदाज सांगतं. लेखक या तिन्ही गोष्टी एकाच ओळीत लिहून मोकळे होतात. तुम्ही वहीत आकड्याशेजारी मोजलेला की अंदाजाचा, एवढं लिहीत जा. बराच गोंधळ तिथेच मिटतो.

वयाचं प्रकरण आणखी अवघड आहे. बऱ्याच शार्कांचं वय मणक्यांतली चुन्याची वलयं मोजून काढतात. सिक्सगिलच्या मणक्यांत चुना फार कमी साठतो, वलयं नीट उमटतच नाहीत. त्यामुळे हा शार्क अमुक वर्षं जगतो असं ठामपणे लिहिलेलं वाचलं की सावध व्हा. मादी ४ मीटरच्या पुढे गेल्यावर वयात येते, एवढं शरीर तपासून सांगता येतं. पण तिथे पोहोचायला तिला किती वर्षं लागतात, हे त्याच शरीरातून सहज निघत नाही. एखादी जात किती मासेमारी सोसू शकते हे ठरवायला नेमका हाच आकडा लागतो. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या लाल यादीत हा शार्क संकटाच्या उंबरठ्यावरच्या गटात आहे. तिथलं मूल्यांकन वाचाल तेव्हा त्यातलं किती मोजलेलं आणि किती जवळच्या जातींवरून मांडलेलं, हे शोधत वाचा.

आता माझ्या सगळ्यांत आवडीची वाट, अंगावर लावलेली यंत्रं. एका प्रकारचं यंत्र शार्कच्या पाठीला अडकवतात. ते पाण्याचा दाब, तापमान आणि प्रकाश नोंदत राहतं. ठरलेल्या दिवशी आपोआप सुटून वर येतं, तरंगतं आणि साठवलेली माहिती उपग्रहाकडे पाठवतं. दाबावरून खोली कळते, कारण दर १० मीटरला साधारण एक वातावरण एवढा दाब वाढतो. हवाईजवळ लावलेल्या अशा यंत्रांनी दाखवलं की सिक्सगिल दिवसा साधारण ६०० ते ७०० मीटर खोलीवर असतो आणि रात्री ३०० मीटरच्या आसपास किंवा त्याहून वर येतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे. आपण समुद्राच्या जितके वर राहतो साधारण तितकाच खाली हा शार्क रात्री फिरतो, आणि दिवस उजाडला की आणखी तेवढाच खाली उतरतो. रोज.

पण याच यंत्राची एक मर्यादा नीट समजून घ्या. वरच्या पाण्यातल्या माशाचं ठिकाण त्या प्रकाशाच्या नोंदीवरून काढतात. सूर्य कधी उगवला, कधी मावळला, दिवस किती तासांचा होता, यावरून अक्षांश आणि रेखांशांचा अंदाज येतो. सिक्सगिल दिवसभर जिथे असतो तिथे प्रकाश जवळजवळ पोहोचतच नाही. म्हणून वर-खाली हालचाल छान कळते, आडवा प्रवास मात्र मोठ्या अंधारात राहतो. हा शार्क फार दूर जात नाही असं कुठे वाचलंत तर ते कोणत्या यंत्रावरून काढलंय ते आधी पाहा.

२०१५ मध्ये हवाईतूनच आणखी एक निष्कर्ष आला, तो मी दरवर्षी वर्गात सांगतो. शार्कला वाताशय, म्हणजे इतर माशांना तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी, नसतो. तरंगायला मदत होते ती तेलाने भरलेल्या मोठ्या यकृताची. तरीही शार्क पाण्यापेक्षा थोडा जडच असतो आणि पोहणं थांबवलं की बुडतो, असं आपण वर्षानुवर्षं शिकवत आलो. संशोधकांनी सिक्सगिल आणि खोल पाण्यातल्याच काटेरी शार्कच्या अंगावर हालचाल मोजणारी यंत्रं लावली आणि शेपटीचा प्रत्येक झटका नोंदला. वर येताना हे शार्क शेपटी न हलवता कितीतरी वेळ तरंगत येत होते, आणि खाली जाताना त्यांना जास्त कष्ट पडत होते. म्हणजे ते पाण्यापेक्षा हलके होते. संशोधकांनी याची दोन कारणं मांडली. थंड पाण्यात दिवसभर राहून स्नायू मंदावलेले असताना संध्याकाळी वर येणं सोपं जावं, हे एक. दुसरं, खालून भक्ष्याजवळ हालचाल न करता सरकता यावं. दोन्ही कारणं शक्य आहेत. पण शेपटीचे झटके मोजलेले आहेत आणि कारणं मांडलेली आहेत, हा भेद वहीत स्पष्ट दिसला पाहिजे.

इथे आणखी एक शंका रास्त आहे. शार्कला गळाला लावून शेकडो मीटर वर ओढायचं, यंत्र लावायचं आणि सोडायचं. त्यानंतर तो जसा वागतो ते त्याचं नेहमीचं वागणं म्हणायचं का? वाताशय नसल्यामुळे वर आणताना तो इतर खोल पाण्यातल्या माशांसारखा फुगत नाही, पण ऊब, उजेड आणि धडपड यांचा ताण येतोच. म्हणून सुरुवातीच्या काळातल्या नोंदी संशोधक वेगळ्या ठेवतात किंवा वगळतात. हीच अडचण टाळण्यासाठी २०१९ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या चमूने बहामाजमधल्या एल्युथेरा बेटाजवळ पाणबुडीतून खाली जाऊन, सुमारे ५०० मीटर खोलीवर, सिक्सगिलला त्याच्याच घरात यंत्र लावलं. तुम्ही पाहिलेला व्हिडिओ बहुधा अशाच मोहिमांपैकी एखाद्याचा असेल.

कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात. पाणबुडीसमोर आमिष बांधलेलं असतं आणि दिवे लावलेले असतात. त्यामुळे दिसतं ते खाण्याचं वागणं, आणि शार्कांची संख्याही प्रत्यक्षापेक्षा जास्त वाटू शकते. प्युजेट साउंडमध्ये लहान वयाचे सिक्सगिल उथळ पाण्यात येतात. सिएटलच्या मत्स्यालयाने तर आपल्या धक्क्याखालीच त्यांचं चित्रीकरण केलं आहे. म्हणून जगातली बरीच माहिती तिथल्या लहान शार्कांवरून आलेली आहे. तिथलं वागणं अरबी समुद्रातल्या मोठ्या मादीला जसंच्या तसं लावू नका.

आता वीस कोटी वर्षांचा मुद्दा. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो, तो क्वचितच टिकतो. टिकतात ते दात. सिक्सगिलच्या कुळातले करवती दात ज्युरासिक काळातल्या खडकांपासून मिळतात, हे खरं आहे. पण दगडात कल्ल्यांच्या फटी बहुतेक वेळा उमटत नाहीत. त्यामुळे त्या जुन्या शार्कला किती फटी होत्या हे नुसत्या दातावरून सांगता येत नाही, आणि दात तसेच राहिले म्हणून बाकीचं शरीर, वागणं, राहण्याची खोली हेही तसंच राहिलं असं ठरत नाही. आजच्या वर्गीकरणात शार्कांच्या दोन मोठ्या शाखा मानतात. सिक्सगिल त्यांतल्या एका शाखेत, डॉगफिश आणि एंजल शार्क यांच्या सोबत बसतो. म्हणजे तो सगळ्या शार्कांचा पूर्वज नाही. त्याचं कूळ फार जुनं आहे, एवढं म्हणावं.

इथपर्यंतचं धरून ठेवा: पिल्लांचे आकडे मोजक्या मेलेल्या माद्यांचे, खोलीचे आकडे यंत्रांचे आणि मुख्यतः ठरावीक ठिकाणांचे, वागणं आमिषासमोरचं, कूळ दातांवरून. आता नागपुरात बसून काय करायचं ते सांगतो.

पहिलं काम, कॉलेजच्या संग्रहालयातलं कपाट उघडायला सांगा. पूर्वी आपल्याकडे बी.एस्सी.ला स्कोलिओडॉन या छोट्या मुशीचं विच्छेदन असायचं. आता विच्छेदन बंद झालं, पण जुन्या कॉलेजांत फॉर्मेलिनच्या बरण्या बहुतेक असतात. बरणी न उघडता पाच फटी मोजा, पाठीवरचे दोन पर पाहा, तोंडाचं आणि नाकपुड्यांचं स्थान पाहा, चित्र काढा. मग सिक्सगिलचं चित्र शेजारी ठेवून फरक आपल्या हाताने लिहा. ज्याने पाच फटींचा शार्क नीट पाहिलाय त्यालाच सहाव्या फटीचा अर्थ लागतो. बर्फातून नागपुरात येणाऱ्या समुद्राच्या मासळीत कधीमधी लहान मुशी असते. विक्रेत्याला विनंती करून डोकं मिळालं तर जबडा उकळून, साफ करून ठेवा. दात मागून पुढे कसे सरकत येतात ते हातात घेतल्यावर एका दिवसात समजतं. फक्त त्यासाठी मुद्दाम मुशी मागवू नका.

दुसरं काम वाचनाचं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८४ मध्ये लिओनार्ड कॉम्पॅग्नो यांची जगभरच्या शार्कांची सूची काढली. ती संघटनेच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. जुनी आहे, काही नावं बदलली आहेत, पण ओळख पटवण्याच्या किल्ल्या (एकेक लक्षण ताडत जातीपर्यंत नेणारे तक्ते) आणि रेखाचित्रं शिकण्यासाठी मी अजून तीच देतो. त्यानंतर हवाईचे २०१५ चे शोधनिबंध वाचा. तरंगण्याबद्दलचा निबंध सर्वांसाठी खुला आहे. पहिल्यांदा वाचताना निम्मं कळणार नाही. काळजी करू नका. पद्धतीचा भाग दोनदा वाचा, निष्कर्षाचा एकदा. आपल्याकडे तेलंगखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तिथल्या ग्रंथालयात बसण्याची परवानगी तुमच्या विभागप्रमुखांच्या पत्रावर मागून पाहा.

तिसरं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं आणि ते नागपुरातून पूर्णपणे करता येतं. जगभरच्या समुद्रांत आर्गो नावाचे तरंगक सोडलेले आहेत. ते २००० मीटरपर्यंत खाली जाऊन वर येताना तापमान आणि क्षारता नोंदतात, काहींवर प्राणवायू मोजणारे संवेदकही असतात. ही माहिती मोफत आहे. आपल्या भागाचं काम हैदराबादची इन्कॉइस ही संस्था पाहते. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटरच्या दरम्यान प्राणवायू अतिशय कमी असलेला जाड थर आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या अशा थरांपैकी एक. हवाईत सिक्सगिल दिवसा ज्या खोलीवर असतो ती खोली इथे नेमकी या थरात येते. हवाईजवळच्या पाण्याचा आणि अरबी समुद्राचा खोलीनुसार तापमान आणि प्राणवायूचा आलेख शेजारी शेजारी काढा. मग स्वतःला विचारा, की इथल्या सिक्सगिलला तापमान हवाईसारखं हवं असेल तर तो कुठे राहील आणि प्राणवायू हवाईसारखा हवा असेल तर कुठे? बंगालच्या उपसागरासाठी आणि अंदमानसाठीही तेच करा. हा शेवटच्या वर्षाचा उत्तम प्रकल्प होईल, आणि सरांनाही आवडेल, कारण त्यात बोट नाही, धोका नाही आणि खर्च जवळजवळ नाही. लागेल ती थोडी संगणक-भाषा, आर किंवा पायथन. पुढे शार्कवर काम करायचं असेल तर ती कधीतरी शिकावीच लागते, मग आताच शिका.

जीवाश्मांकडे ओढ असेल तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय सेमिनरी हिल्सला आहे. शाळा-कॉलेजच्या गटाला काय पाहता येईल ते तिथे विचारा. मात्र आपल्या भोवतीचा दख्खनचा बेसॉल्ट आणि गोंडवाना काळातले बहुतेक नदी-तळ्यांचे गाळ यांत सिक्सगिलचा दात शोधत फिरू नका. त्याला सागरी खडक हवेत.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. तुम्हाला हा छंद म्हणून जपायचाय की त्यातच पुढे काम करायचंय, यावर बरंच ठरतं. छंद असेल तर वरचं सगळं पुरे, आणि नोकरी तलावातल्या माशांवर करूनही ते चालू ठेवता येईल. काम करायचं असेल तर एम.एस्सी.साठी घर सोडावं लागेल. कोचीचं विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ, केरळचं मत्स्य व सागर अभ्यास विद्यापीठ, अण्णामलाई विद्यापीठाचं परंगीपेट्टईचं सागरी जीवशास्त्र केंद्र, गोवा विद्यापीठ असे पर्याय आहेत. मुंबईची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था नावाजलेली आहे, पण मत्स्यविज्ञानाच्या पदव्युत्तर प्रवेशाला आधीची पदवी कोणती लागते ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहूनच अर्ज करा. घरची परवानगी, पैसा, बोटीवर मळमळ होते की नाही, या गोष्टींना लाजू नका. मळमळ होणाऱ्या कितीतरी जणांनी प्रयोगशाळेत आणि बंदरावर उत्तम काम केलं आहे.

एक गोष्ट मनात पक्की करून ठेवा. भारतात फक्त सिक्सगिलवर संशोधन करणार असं म्हणून कोणी तुम्हाला घेणार नाही, कारण नमुने इतके मिळतच नाहीत. खोल पाण्यातले शार्क असा विषय धरा आणि सिक्सगिलला त्यात जागा द्या. केरळ आणि कन्याकुमारीकडचे मच्छीमार, विशेषतः तूत्तूरचे, लांब दोरीला शेकडो गळ लावून खोल पाण्यात मासेमारी करतात. यकृताच्या तेलासाठी गल्पर शार्कना तिथे मागणी राहिली आहे. कोचीच्या बंदरावर गेलात तर हेच शार्क आणि अंगावर काट्यांचे फुगवटे असलेला ब्रॅम्बल शार्क जास्त दिसतील. सिक्सगिल क्वचित. हे सगळे शार्क सावकाश वाढतात आणि उशिरा वयात येतात, म्हणून मासेमारीचा फटका त्यांना लवकर बसतो. त्यांच्या नोंदी नीट होणं मला फार गरजेचं वाटतं. तुमच्यासारखी मुलं या कामात यावीत असं मला मनापासून वाटतं ते त्यामुळेच.

बंदरावर पहिल्यांदा जाल तेव्हा कोचीच्याच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेतल्या कोणाशी आधी पत्राने संपर्क साधा आणि त्यांच्यासोबत जा. परक्या माणसाने एकट्याने जाऊन शार्कचे फोटो काढायला लागलं की मच्छीमारांना कारवाईची भीती वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. आधी बोला, विचारा, मग फोटो. पहाटे जा, कारण लिलाव झाला की मासा तासाभरात कापला जातो. पूर्ण बाजूचा एक फोटो, कल्ल्यांच्या फटींचा एक, खालच्या जबड्याचा एक, सगळ्यांत पट्टी ठेवून. लांबी सरळ रेषेत, नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. नर की मादी ते पोटाखालच्या परांजवळ पाहा, नराला तिथे दोन नळीसारखे अवयव असतात. डोकं आधीच कापलेलं असेल तर पाठीवर पर किती आणि कुठे आहेत यावर लक्ष द्या. एकच पर आणि तो मागे, एवढं दिसलं तरी तुम्ही सिक्सगिल, सेव्हनगिल आणि फ्रिल्ड यांच्यापर्यंत आलात, मग डोकं कुठे गेलं ते विचारत जा. मासा कोणत्या खोलीवर आणि कोणत्या गळाला लागला हे तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, विचारून लगेच लिहा, नंतर ते कोणाच्या लक्षात राहत नाही.

तारखा ठरवताना एवढं पाहा. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना साधारण जूनच्या सुरुवातीपासून जुलैअखेरपर्यंत बंदी असते, पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. केरळच्या तारखा थोड्या वेगळ्या असतात आणि दरवर्षी जाहीर होतात. तुमची परीक्षा एप्रिल-मेमध्ये संपत असेल तर कोचीला मे महिन्यातच जाऊन या. ते जमलं नाही तर थेट ऑगस्टनंतरचं तिकीट काढा.